टोमॅटोला उभ्यानं पाणी घालू नये

टोमॅटोला पाणी उभ्यानं घालायचं नाही, हा आमच्या घरातला कायदा होता. झाडापुढं उकिडवं बसायचं. तांब्या पार जमिनीलगत न्यायचा आणि बुंध्यापासून वीतभर लांब, आळ्यात, पाणी सोडायचं. माती पिईल तेवढंच द्यायचं, थांबायचं, मग पुन्हा द्यायचं. पानावर थेंब उडाला की ओट्यावरून आवाज यायचा, "आंघोळ घालायलीस का त्याला? त्याला तहान लागलीय, अंग न्हाई मळलं त्याचं."

आवाज दादांचा. दादा म्हणजे माझे वडील. परभणीत आमच्या वस्तीत बऱ्याच घरांत वडिलांना दादाच म्हणतात.

या कायद्याला दोन कारणं होती. पहिलं कुणीही सांगेल. वरून पाणी मारलं की पानं भिजतात, माती उडून खालच्या पानांना चिकटते आणि करपा येतो. दुसरं कारण फक्त आमच्या घरातलं होतं. दादा लहानपणी गावात वाढले. गावची विहीर आमच्या लोकांची नव्हती. शेतात कामाला गेलं आणि तहान लागली, तर बांधाखाली ओंजळ धरून बसायचं आणि मालकाच्या घरचं कुणीतरी उभं राहून वरून पाणी ओतायचं. भांड्याचा हाताला स्पर्श होऊ नये म्हणून उंचावरून. ओतणारं माणूस बहुधा दुसरीकडं बघत असायचं. "हात भरायचे, कोपरं भिजायची, पोट कोरडंच राह्यचं," दादा सांगायचे. एवढंच सांगायचे. त्यापुढं कधी सांगितलं नाही.

म्हणून आमच्या घरात कुणी वरून पाणी पीत नाही. बाटली असो, तांब्या असो, ओठ लावायचा. बाहेरचे लोक याला अस्वच्छ म्हणतात. म्हणोत. दादांना पाणी वरून पडताना बघवायचं नाही, मग ते माणसाच्या ओंजळीत पडो की टोमॅटोच्या आळ्यात. "द्यायचं तर खाली बसून द्यावं," असं ते म्हणायचे.

दादा छापखान्यात मशिनवर होते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांचे पेपर आणि पत्रकं. पत्रकं जास्त. मोर्चाची, सभेची, धरण्याची. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या पातळ कागदावरची. उरलेले गठ्ठे आमच्या घरी यायचे. मी त्यांच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवली, मायनं त्यांच्यात भाकरी बांधल्या, फळीवर तेच अंथरलेले असायचे. शाळेत बाई कमळातला क शिकवत होत्या तेव्हा मला 'जाहीर निषेध' वाचता येत होता. काही पत्रकं दादांनी स्वतः लिहिलेली होती. त्यातलं एक मला पाठ होतं, पाण्याचं. आमच्या वस्तीला नळ दिला होता, पण पाणी आठवडा उलटून गेल्यावर यायचं, तेही कधी येईल ते कुणी सांगायचं नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला लोक नळीनं गाड्या धुवायचे. दादांच्या पत्रकाचा मथळा होता, 'पाणी मागत नाही, आमचं पाणी मोकळं करा.' ते वाटायला मी दारोदार फिरले होते. तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते. आज मी स्वतः लिहिते आणि नळ अजून तसाच येतो. तहानेला वेळापत्रक लावणारी माणसं अजून त्याच खुर्च्यांवर आहेत, फक्त खुर्च्या गादीच्या झाल्यात.

मग दादांच्या किडन्या गेल्या.

साखर आणि रक्तदाब बरीच वर्षं होते. पाय सुजायला लागले, दम लागायला लागला, आणि एका पावसाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की आता आठवड्यातून दोनदा मशिनवर रक्त धुवावं लागेल. दादा हसले. "जन्मभर मीच मशिन चालवली. आता मशिन मला चालवणार."

सोबत दोन बंधनं आली. एक, पाणी. दिवसाला एक बाटली. चहा, औषधाचा घोट, वरणाचं पाणी, सगळं त्यातच धरायचं. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, म्हणून प्यालेलं पाणी अंगातच साठतं, पायांत, पोटात, मग फुप्फुसात, आणि माणूस कोरड्या खाटेवर बुडतो. डॉक्टरांनी असं सांगितलं नव्हतं. त्यांनी सांगितलं त्याचा मी काढलेला अर्थ हा.

दुसरं बंधन खाण्याचं. केळी नको, नारळपाणी नको, टोमॅटो नको.

"टोमॅटो का नको?" दादांनी डॉक्टरांना विचारलं.

"त्यातला क्षार तुमच्या हृदयाला चालणार नाही."

रिक्षात बसल्यावर दादा मायला म्हणाले, "ऐकलंस का? टोमॅटोवर बंदी आली."

"मंग नका खाऊ. लय झालं टोमॅटो खाऊन."

"खात न्हाई. पण लावणार. दरसाली चार लावतो, औंदा दुप्पट लावणार."

"काहून?"

"बंदी आली म्हणून."

माय माझ्याकडं बघून म्हणाली, "बघ तुझ्या बापाचं. आता टोमॅटोचा मोर्चा काढतेत."

त्यांचा तो स्वभावच होता. कुणी मनाई केली की त्यांच्या अंगात बळ यायचं. दुसरं कुणी टोमॅटोचं नावही काढलं नसतं. दादांनी झरी गावच्या एका जुन्या मित्राकडून बी मागवलं. गुलाबी पत्रकांच्या पुंगळ्या वळल्या, त्यांत माती भरली आणि रोपं केली. ओट्यावर उन्हात ओळीनं त्या पुंगळ्या उभ्या असायच्या. कुणावर 'चलो', कुणावर 'धिक्कार', आणि वर दोन-दोन हिरवी पानं. पाऊस सरल्यावर त्यांनी ती कागदासकट भिंतीलगतच्या काळ्या मातीत लावली. तुराट्या रोवल्या, मायच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधली, आणि गंगाखेडहून मामांनी पाठवलेलं उसाचं पाचट बुंध्याभोवती अंथरलं.

घरात टोमॅटो शिजवणं मात्र मायनं बंद केलं. "त्यांच्यासमोर काय खायचं," म्हणाली. वरणात चिंच आली. फळं निघाली की शेजारी वाटायची, असं ठरलं.

पाण्याचीही वाटणी झाली. माय अंगणवाडीत मदतनीस आहे. सकाळी निघायच्या आधी ती दादांची बाटली भरून कोनाड्यात ठेवायची. झाडांसाठी मी हौदातून बादली भरून ओट्याच्या खाली ठेवायचे. पहिल्याच दिवशी दादांनी बादलीवर हात ठेवला.

"हे काम माझं. माझं पाणी तुमी मोजता न्हवं? मग यांचं मी मोजणार. कायतरी माझ्या हातात ठेवा."

त्याला नाही म्हणणं शक्य नव्हतं. सकाळचं ऊन भिंतीवर चढायच्या आत ते तांब्या घेऊन झाडांत जायचे आणि चांगला वेळ तिथंच बसायचे. झाडं कमरेएवढी झाल्यावर घरातून फक्त त्यांची टोपी दिसायची, ती हळूहळू एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडं सरकायची. पाण्याचा आवाज यायचा. मला बरं वाटायचं. एका माणसाला दिवसभर पुरेल असं काही काम घरात उरलं आहे, असं वाटायचं.

तहान काय असते ते मला त्या हिवाळ्यात कळलं, स्वतःची नाही, दुसऱ्याची. दादा तोंडात वेलदोडा धरायचे. ओठ चाटायचे. चहाचा कप दोन्ही हातांत धरून थंड होईपर्यंत नुसता बघत राहायचे, कारण पिला की संपला. बाटलीतलं पाणी ते झाकणानं प्यायचे, झाकण भरून, ओठ लावून. दुपारी बाटलीकडं न बघता पाठ करून झोपायचे. एकदा मुलांची शिकवणी घेऊन आले तेव्हा बोलून बोलून घसा सुकला होता. मी स्वयंपाकघरात गेले, त्यांना दिसू नये म्हणून माठाशी पाठमोरी उभी राहून घोट घोट, आवाज न करता पिऊ लागले. मागून ते म्हणाले,

"जरा आवाज करून पी की गं बाई."

मी आवाज करून पिले. पुढच्या खोलीत ते डोळे मिटून ऐकत होते.

पौष लागला आणि वजनाचं सुरू झालं. मशिनवर घ्यायच्या आधी दरवेळी वजन करतात. दोन वेळांच्या मधे वजन वाढलं, तर ते पाण्याचंच असतं. दादांचं वजन वाढत चाललं होतं. तिथली सिस्टर त्यांच्या लाडाची होती, त्यामुळं रागावायचीही हक्कानं.

"काका, किती पाणी चढवून आलात? मशिननं एवढं ओढलं तर हृदयावर ताण येतो तुमच्या. सांगितलंय ना?"

"सिस्टर, गावाला पाणी न्हाई अन् मला चढायलंय. नळवाल्याला सांगा, हिथून जोडणी घ्या म्हणावं."

सिस्टर हसली, पण बाहेर येऊन मला म्हणाली, "ताई, हसण्यावारी नेऊ नका. कुठूनतरी पितायत ते. हे असंच चाललं तर एका रात्रीत दम कोंडेल."

आम्ही दोघींनी घर पालथं घातलं. मायला वाटलं मिठामुळं होत असेल, तिनं लोणच्याची बरणी शेजारी नेऊन ठेवली, भाकरीत मीठ टाकणं बंद केलं. बाटली तर संध्याकाळी थोडी उरलेलीच असायची. दादांना विचारलं तर ते बाटलीकडं बोट दाखवायचे. "बघ की. शिल्लक हाय."

मग मी माठ आतल्या खोलीत नेला आणि मी शिकवणीला, माय अंगणवाडीत, अशा वेळी त्या खोलीला कडी लावून कुलूप घालू लागले. हौदाच्या झाकणावर दगड ठेवला, त्यांना उचलणार नाही असा. दादांनी पहिल्या दिवशी कुलूप पाहिलं, हातानं जरा हलवून पाहिलं आणि ओट्यावर येऊन बसले.

"पाणवठा बंद झाला म्हणायचा आमच्यासाठी," ते मला म्हणाले. हसत होते. "लय चांगलं कुलूप हाय. कुठून आणलंस?"

मी म्हणाले, "दादा, तुम्ही मरावं असं वाटत नाही म्हणून लावलंय."

"ते कळतंय ग. ज्यानं विहिरीला काटे लावले त्याच्याकडंबी कारण व्हतं. कारण सगळ्याकडं असतंय."

मी त्या दिवशी मुलांना काय शिकवलं मला आठवत नाही. माझी सगळी अक्कल, माझे सगळे शब्द मला याच माणसाच्या पत्रकांतून मिळाले होते. पाणी अडवणाऱ्याला काय म्हणायचं ते मला पाठ होतं. आणि कुलपाची किल्ली माझ्या ओढणीच्या टोकाला बांधलेली होती. तरी मी कुलूप काढलं नाही. मी चुकत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण बरोबर असण्याचा इतका त्रास मला आधी कधी झाला नव्हता.

कुलूप लावूनही वजन वाढतच राहिलं.

त्याच दिवसांत टोमॅटोला फळं धरली होती. हिरवी, चांगली मुठीएवढी. एका सकाळी दादा मशिनवर होते, माय त्यांच्याजवळ होती, आणि बादली तशीच पडलेली बघून मी झाडांत गेले. पानं आत वळलेली. एक फळ हातात घेतलं. वरून टवटवीत, पण उलटं केलं तर बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग. दुसरं पाहिलं. तिसरं पाहिलं. बहुतेक सगळ्यांची बुडं काळी.

मला वाटलं कीड असेल. फोनवर शोधलं, शेतीच्या सल्ल्यात सगळीकडं एकच उत्तर. कीड नाही. पाणी कमी पडतंय, किंवा एकदा मिळतं, एकदा मिळत नाही. मुळांना सारखी ओल नसली की झाड फळाच्या टोकापर्यंत पोसू शकत नाही आणि बूड सडतं.

मी पाचट बाजूला केलं. वरची माती ओली होती. बोट खुपसलं, दादांनी शिकवलं होतं तसं, दुसऱ्या पेरापर्यंत. पहिल्या पेराखाली माती भुकटी होती. पुढच्या झाडाला तेच. पुढच्यालाही तेच. रोज बादली रिकामी होत होती. मी स्वतः भरत होते, भरपूर भरत होते. आणि मुळांना पाणी पोचतच नव्हतं.

मी तिथंच बसून राहिले. बादली, वजन, ती टोपी हळूहळू सरकणारी, ते पाण्याचे आवाज. आणि संध्याकाळी न चुकता शिल्लक राहणारी बाटली.

मायला मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी बादली भरून ठेवली आणि शिकवणीला जाते म्हणून निघाले, आणि गल्लीतून वळून मागच्या बाजूनं भिंतीशी आले. भिंत छातीएवढी आहे. पलीकडं दादा पहिल्या झाडापुढं उकिडवे बसले होते. तांब्या बादलीत बुडवला. अर्धा तांब्या आळ्यात सोडला, हळू, थांबत थांबत, पानावर थेंबही उडू न देता. मग तांब्या ओठाला लावून उरलेला अर्धा पिले. मग टोपी पुढच्या झाडाकडं सरकली. अर्धा त्याला, अर्धा स्वतःला.

चोरून पितानाही त्यांनी वाटणी सारखी केली होती. कुण्या झाडावर अन्याय केला नव्हता.

मी फाटकातून आत गेले आणि त्यांच्या हातातला तांब्या घेतला. हिसकावला असं म्हणायला पाहिजे, कारण त्यांनी तो सोडला नव्हता. थोडं पाणी त्यांच्या शर्टावर सांडलं. ते माझ्याकडं खालून बघत राहिले. मी उभी, ते खाली, आणि तांब्या माझ्या हातात.

"शिकवणी न्हाई का आज?" ते म्हणाले.

"दादा, तुम्हाला कळतंय का काय करताय? सिस्टर काय म्हणाली ऐकलं होतं ना तुम्ही?"

"ऐकलं व्हतं."

"मग?"

"मग काय? तहान लागती, बाई." त्यांनी हे अगदी साधं सांगितलं. "तुला वाटतं मला मरायचंय. मला मरायचं न्हाई. मला प्यायचंय. दोन्ही येगळं हाय."

"टोमॅटो सडायलेत तुमच्यामुळं," मी म्हणाले. कुठून आलं ते तोंडात माहीत नाही. एवढं मोठं सांगायचं होतं आणि मी टोमॅटोची तक्रार केली. एक फळ तोडून त्यांना बूड दाखवलं.

त्यांनी ते हातात घेतलं, अंगठ्यानं काळ्या डागावरून फिरवलं. चेहरा पडला. खरंच पडला. वजनाचा आकडा ऐकून कधी पडला नव्हता तसा. "मला वाटलं अर्ध्यात भागंल त्यांचं," ते म्हणाले.

मग त्यांनी फळ खाली ठेवलं, दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि माझ्यापुढं वर धरली.

"घाल वरून. चालंल मला. तेवढं अर्धं घाल, मग न्हाई मागत."

ते थट्टा करत होते की नाही, हे मी त्यानंतर किती वेळा स्वतःला विचारलं आहे. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. पण ओंजळ घट्ट होती, बोटांत फट नव्हती, लहानपणी शिकलेली ओंजळ. पाणी गळू नये म्हणून कोपरं जवळ घेतलेली.

मी वरून ओतू शकत नव्हते. ओतलं असतं, तर त्यांच्या जन्माचं सगळं मी एका तांब्यात बुडवलं असतं. आणि खाली बसून त्यांच्या ओठाला तांब्या लावू शकत नव्हते, कारण ते पाणी त्यांच्या छातीत जाऊन बसणार होतं. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. आमच्या मधे ते झाड होतं. मी तांब्या जमिनीलगत नेला आणि सगळं पाणी आळ्यात सोडलं. माती पीत होती तसं, थांबत थांबत. शेवटचा थेंब जिरेपर्यंत दादा आळ्याकडं बघत होते. त्यांची ओंजळ हळूहळू सुटली आणि हात मांडीवर आले.

"नीट घातलंस," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते झाडांत गेले नाहीत. "आता तू घाल," एवढंच म्हणाले. मी माठाच्या खोलीचं कुलूप काढून टाकलं, त्यांनी मागितलं नव्हतं तरी. त्यांनी त्या माठाला हात लावला नाही. मी सकाळी झाडांना पाणी द्यायचे तेव्हा ते ओट्यावर बसून ऐकायचे आणि मधेच सूचना करायचे. "घाई करायलीस. थांब जरा. त्याला गिळू दे." वजन आटोक्यात आलं. सिस्टर म्हणाली, "काका शहाणे झाले." दादांनी सुईसाठी हात पुढं केला. माझी मान ताठ झाली होती. मला वाटलं आम्ही जिंकलो.

फाल्गुनात ऊन तापू लागलं होतं. एका सकाळी मशिनवरच, सुया लावून थोडाच वेळ झाला असताना, त्यांचं हृदय थांबलं. सगळे धावले, छाती दाबली, पण ते परतले नाहीत. डॉक्टर म्हणाले, पाण्यामुळं नाही, वजन तर अगदी योग्य होतं, हृदय आधीच थकलेलं होतं, हे कधीही होऊ शकलं असतं. ते मला धीर द्यायला सांगत होते. कधीही होऊ शकलं असतं. म्हणजे त्या शेवटच्या महिन्यात ते तहानलेले राहिले ते कशासाठी, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. त्यांनी पत्रकं वाचलेली नसणार.

मायनं विचारलं ते वेगळंच. "सकाळी निघताना काय पिले व्हते का ग?"

मला माहीत होतं. औषधाच्या गोळीसोबत झाकणभर. उरलेली बाटली सोबत नेली नव्हती.

घरी माणसं जमली. गावाकडून आली, मायच्या माहेरची गंगाखेडहून आली. भर उन्हात आलेल्या सगळ्यांना पाणी द्यायला शेजारच्या बायकांनी माठ पुढच्या खोलीत आणला. येणारा प्रत्येकजण आधी पाणी पीत होता, आवाज करून. आलेल्यांत वरून पिणारे होते. कुणी त्यांना अडवलं नाही.

कोनाड्यात दादांची बाटली तशीच उभी होती, जवळजवळ भरलेली. सगळे पांगल्यावरही कित्येक दिवस ती तिथंच होती. ती ओतून देववेना आणि पिववेना. माय तिच्या खालची फळी पुसायची, बाटली उचलून पुन्हा तिथंच ठेवायची. शेवटी एका सकाळी तिनं ती माझ्या हातात दिली.  मी झाडांत गेले, दादा पहिल्यांदा ज्या झाडापुढं बसायचे त्याच्यापुढं बसले आणि झाकण झाकण करून ते पाणी आळ्यात सोडलं. खूप वेळ लागला. ओट्यावरून कुणी घाई करू नको म्हणालं नाही.

पाणी मी रोज घालत राहिले. दुसरं काय करणार. पूर्ण तांब्या, प्रत्येक झाडाला, सकाळी, खाली बसून. उन्हाचा ताप वाढला तसं माझ्या एका ओढणीचं आणि लुगड्याचं छप्पर बांधलं. काळ्या बुडाची फळं तोडून खड्ड्यात पुरली. वरच्या शेंड्यांना उशिराची थोडी फुलं टिकली होती, त्यांची फळं झाली. चैत्रात ती पिकायला लागली.

माय अंगणवाडीतून येऊन ओट्यावर टेकली होती. मी पिकलेली फळं ओटीत घेऊन तिच्यापुढं मांडली. तिनं एकेक उचललं आणि उलटं करून पाहिलं. काळ्या बुडांचं तिला कुणी सांगितलं होतं, कधी कळलं होतं, मी विचारलं नाही. मी तांब्या हिसकावला त्या सकाळी ती घरात असावी, किंवा दादांनीच सांगितलं असावं.

एकाही बुडाला डाग नव्हता. लाल, घट्ट, सगळीकडून सारखी.

"आता पुरलं न्हवं त्यांना पाणी?" माय म्हणाली.

तिनं पदरानं एक फळ पुसलं, पुसतच राहिली, आणि मग मला म्हणाली, "मला जरा पाणी दे."

मी आत जाऊन तांब्या भरून आणला. तिच्यापुढं खाली बसले आणि दिला. तिनं ओठ लावला, पण पिली नाही. तांब्या तसाच तोंडाशी धरून ती झाडांकडं बघत बसली.